आधी आपलं पाणी ओळखा, आरओचं मग बघू

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आईचा नाशिकहून फोन आला, आवाजच बदललेला. म्हणाली, अगं इतकी वर्षं आपण काय पीत होतो, नळाच्या पाण्यात नुसता गाळ आहे, मी डोळ्यांनी बघितलं. घरी एक मुलगा आला होता, पाणी मोफत तपासून देतो म्हणाला, दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी आणि एकात त्याच्या मशीनचं, एक यंत्र बुडवलं आणि दोन मिनिटांत नळाचं पाणी विटकरी रंगाचं झालं, वर हिरवट फेस. आईने घाबरून दोन हजार रुपये ॲडव्हान्स देऊन टाकले होते. मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते, मला पैशांपेक्षा राग याचा आला की तिला जे दाखवलं ते 'सायन्स' म्हणून दाखवलं होतं, आणि सत्तर वर्षांची बाई सायन्सला मान देते म्हणूनच फसली.

त्यानंतर सहा-सात महिने मी या पाण्याच्या विषयाच्या मागे लागले, ओळखीच्या बऱ्याच घरांत मीटर घेऊन फिरले, प्रयोगशाळेत नमुने दिले, आणि आता कुणीही विचारलं की आरओ घेऊ का, तर मी जे सांगते तेच इथे लिहितेय. मी आरओच्या विरोधात नाही हे आधीच सांगते. लोएब आणि सौरिराजन या दोन शास्त्रज्ञांनी (त्यातले सौरिराजन आपल्या भारतात जन्मलेले) अमेरिकेत आरओमधली ही झिल्ली, म्हणजे पाणी जाऊ देणारा पण क्षार अडवणारा पातळ पडदा, तयार केली ती समुद्राचं आणि खाऱ्या विहिरींचं पाणी गोडं करण्यासाठी, १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावात खारं पाणी पिण्यालायक करायला ती पहिल्यांदा लावली गेली. जिथे पाणी खारं आहे तिथे हे तंत्र म्हणजे खरंच वरदान आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की धरणाचं गोडं पाणी पिणाऱ्या घरात ते कशाला, आणि ज्याला हवंय त्याला ते ओळखायचं कसं.

डेमोत नक्की काय होतं

पुढच्या शनिवारी मी नाशिकला गेले आणि त्या मुलाला परत बोलावून घेतलं. मुलगा चांगला होता, बावीस-तेवीसचा, आईला मावशी म्हणत होता, कंपनीने जे शिकवलं तेच तो करत होता. त्याला म्हटलं परत डेमो दाखव. त्याने यंत्र काढलं, त्याला खाली चार दांड्या, दोन पांढरट म्हणजे ॲल्युमिनियमच्या आणि दोन काळपट म्हणजे लोखंडाच्या, वर वायर आणि प्लग. नळाच्या पाण्यात बुडवून बटण दाबलं, बुडबुडे आले, विटकरी गाळ. आरओच्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही. मग मी म्हटलं आता तुझ्याच आरओच्या पाण्याचा दुसरा ग्लास घे, त्यात मी स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाकते आणि परत लाव. मीठ टाकलं, चमच्याने हलवलं, बटण दाबलं, आणि मिनिटभरात तो ग्लास नळाच्या पाण्यापेक्षाही घाण झाला, पार चहासारखा. आई बघतच राहिली. मुलगा म्हणाला, मॅडम मीठ टाकल्यावर तसं होणारच. अगदी बरोबर बोलला तो.

कारण साधं आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची दांडी झिजते, तिचं लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड तयार होतं, आधी हिरवट दिसतं, हवा लागली की विटकरी, म्हणजे सरळ भाषेत गंज. तो गाळ पाण्यातला नाहीच, दांडीतला आहे. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून वीज कमी वाहते, म्हणून दांडी कमी झिजते. बास. या प्रयोगाने पाण्यात जंतू आहेत का, शिसं आहे का, कीटकनाशक आहे का, काहीही कळत नाही. तुमच्याकडे कुणी हा डेमो करायला आलं तर भांडू नका, मिठाचा डबा घेऊन या, घरातल्या मोठ्या माणसांना समोर बसवा आणि हीच चिमूट टाकायला सांगा. मी आईला फोनवर अर्धा तास समजावत होते तेव्हा तिला पटलं नव्हतं, ते चिमूटभर मिठाने पटलं. (पैसे तीन आठवड्यांनी परत मिळाले, चार वेळा फोन करून.)

टीडीएस मीटर म्हणजे काय आणि काय नाही

दुसरं हत्यार म्हणजे तो पेनासारखा मीटर. नळाच्या पाण्यात १३० दाखवतो, मशीनच्या पाण्यात २५, आणि समोरचा माणूस म्हणतो बघा किती फरक आहे. मीटर स्वस्त आहे, ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतो, मी म्हणेन जरूर घ्या, पण त्याच्याबरोबर एक संध्याकाळ घालवा. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच मोजतो आणि त्यावरून पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज सांगतो. एक ग्लास आरओचं पाणी घ्या, आकडा बघा, मग त्यात दोन चमचे साखर विरघळवा आणि परत बघा, आकडा जवळपास हलत नाही, कारण साखर विरघळली तरी वीज वाहून नेत नाही. म्हणजे गोड पाक केला तरी मीटरच्या लेखी पाणी 'शुद्ध'. तसंच जंतूंचं, तसंच कीटकनाशकाचं. आणि शिसं किंवा आर्सेनिकसारख्या गोष्टी घातक ठरायला लागतात त्या इतक्या थोड्या प्रमाणात, की या मीटरला त्यांचा पत्ताच लागत नाही.

आता उलट बघा. शहाळ्याचं पाणी ग्लासात ओता आणि मीटर बुडवा, आकडा हजारांत जातो. तेच शहाळं आपण आजारी माणसाला घेऊन जातो. जुलाब झाल्यावर डॉक्टर जे ओआरएस देतात त्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं, ग्लुकोज वेगळंच. नुसत्या क्षारांची बेरीज ७ ग्रॅम, म्हणजे लिटरला ७,००० मिलिग्रॅम. आणि आपल्याला १३० आकडा बघून घाम फुटतो. ओआरएस रोज पाण्यासारखं प्यायचं नसतं हे मान्य, पण आकडा मोठा म्हणजे विष ही समजूत डोक्यातून काढून टाका.

मग किती चालतं? भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२ चं) म्हणतं की पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावा. म्हणजे १३० वालं पाणी मर्यादेच्या चौथ्या हिश्श्याजवळ आहे. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओ वापरायला बंदी घाला, कारण पाणी फार वाया जातं. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, पण विचार केला तर मुद्दा आजही तिथेच आहे.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले ते सगळ्यांना आठवत असेल, लोकांचे हातपाय लुळे पडत होते, आणि संशय दूषित पाण्यावर गेला, काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. तो भाग खडकवासल्याच्या जवळचा. तिथल्या एखाद्या विहिरीत त्या दिवशी तुम्ही टीडीएस मीटर बुडवला असता तर त्याने जंतूंबद्दल चकार शब्द काढला नसता. पाण्याने माणूस आजारी पडतो तो बहुतेक वेळा जंतूंनी, आणि आपण घरोघरी मोजतोय क्षार. यावर जितकं बोलावं तितकं कमी आहे.

तुमचं पाणी कुठून येतं ते आधी शोधा

मशीनचा ब्रँड बघायच्या आधी हे करा. महापालिकेचं धरणाचं पाणी आहे, बोअर आहे, विहीर आहे, टँकर आहे, का सगळ्यांची खिचडी? सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरीला नाही, पंप चालवणाऱ्या वॉचमनला विचारा, त्याला नक्की माहीत असतं की उन्हाळ्यात खालच्या टाकीत बोअरचं पाणी किती सोडतात.

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर, विहार, तुळशी या तलावांचं पाणी येतं, बरंचसं भांडुपला शुद्ध होऊन. पावसाचं साठवलेलं पाणी, क्षार कमीच. नाशिकला गंगापूर धरण, पुण्याला खडकवासला साखळी, तिथेही तेच. या शहरांत पालिकेचं पाणी असेल तर आरओला काढायला विशेष काही उरतच नाही, भीती असते ती मधल्या फुटक्या पाइपची आणि आपल्याच गच्चीवरच्या टाकीची.

उलट बाजूला माझी आत्या दर्यापूरकडची. तिकडे पूर्णा नदीचा खारपाणपट्टा आहे, अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला, जमिनीखालचं पाणीच खारं. तिच्या शेजारच्या विहिरीत मी मीटर लावला तर आकडा दोन हजारांच्या वर, वरण शिजायला तास लागतो, चहा फाटल्यासारखा दिसतो. त्या पाण्याला आरओ लावू नका असं मी कुठल्या तोंडाने सांगू? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आहे, मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, पुढे हाडांवर परिणाम होतो, फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि ते उकळून जात नाही, तुरटीची नुसती कांडी फिरवूनही जात नाही. तिथे चांगला आरओ कामाचा आहे. शेतालगतच्या बोअरमध्ये खतांमुळे नायट्रेट वाढतं, मर्यादा ४५ मिलिग्रॅम, घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल तर हे तपासल्याशिवाय बोअरचं पाणी त्याच्या दुधात घालूच नका.

आणि कोकणातल्या बऱ्याच विहिरींची गंमत अशी की मीटर लावला तर आकडा इतका कमी की आरओवालाही लाजेल, पण पावसाळ्यात कडेचा संडास आणि विहीर यांच्यात अंतर किती आहे हे कुणी बघितलेलं नसतं.

घरबसल्या आणि प्रयोगशाळेत तपासायचं कसं

पालिकेचं पाणी असेल तर पहिली तपासणी क्लोरीनची. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ओटी टेस्ट करतात, नळाच्या पाण्यात दोन-चार थेंब टाकले की पिवळा रंग येतो, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या टोकाला लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं मानक सांगतं. हे किट बाजारात मिळतं. आपल्याकडे लोक काय करतात, पाण्याला ब्लिचिंगचा वास आला की तक्रार करतात, खरं तर रस्त्याच्या शेवटच्या घरात वास अजिबात नसेल तेव्हा तक्रार करायला हवी.

दुसरी एचटूएसची बाटली. छोटी बाटली असते, आत औषध असतं, त्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावून घरात एका कोपऱ्यात ठेवायचं. पाणी काळं झालं तर मैल्याच्या जंतूंचा संशय पक्का धरायचा. चोवीस तासांत बघा आणि काळं नसेल झालं तर अठ्ठेचाळीस तासांपर्यंत थांबा. भरताना बाटलीच्या आत बोट लावू नका, झाकणाची आतली बाजू खाली टेकवू नका, नाहीतर तुमच्या हाताचेच जंतू मोजाल. काळी झालेली बाटली तशीच कचऱ्यात टाकू नका, आत ब्लिचिंग पावडर घालून मग फेका. मी आईकडे तीन बाटल्या लावल्या होत्या, एक थेट पालिकेच्या लाइनच्या नळाची, एक गच्चीवरच्या टाकीची आणि एक स्वयंपाकघरातल्या पिंपाची. नंतर बघितलं तर पहिली होती तशीच, पिंपाचीही तशीच, आणि टाकीची काळी कुळकुळीत. ती बघून आई एक मिनिट काही बोललीच नाही. गंगापूर धरणापासून घराच्या लाइनपर्यंत पाणी चांगलं आलं होतं आणि आमच्याच टाकीत घाण झालं होतं, टाकीचं झाकण तडकलेलं आणि त्यातून कबुतरं. पिण्याचं पाणी ती सकाळी लाइनच्या नळाने भरते म्हणून पिंप बचावलं.

बोअर किंवा विहीर असेल तर घरगुती तपासणीवर थांबू नका, प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, तिथे सामान्य माणसालाही फी भरून नमुना देता येतो, खासगी लॅबही आहेत. रासायनिक तपासणीला लिटर-दोन लिटर पाणी स्वच्छ बाटलीत, पण ती बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्या. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली लॅबच देते, ती अजिबात विसळायची नाही, नळ आधी दोन-तीन मिनिटं मोकळा सोडायचा, मग भरायचं, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. लॅबला नुसतं 'पाणी टेस्ट' सांगू नका, टीडीएस, पीएच, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि कोलिफॉर्म (मैल्याच्या दूषणाची खूण देणारे जंतू) एवढं नाव घेऊन मागा. विक्रेता म्हणाला आम्ही तपासून देतो तर नम्रपणे नको म्हणा, ज्याला मशीन विकायचंय त्यानेच पाण्याला नापास करायचं हे बरोबर नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

फक्त जंतूंचा प्रॉब्लेम असेल तर आरओ लागत नाही. पाणी खळखळून उकळलं की जंतू मेले, वीस-वीस मिनिटं उकळून गॅस जाळू नका. युव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा फिल्टर चालतो, पण पाणी स्वच्छ दिसणारं हवं, गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत, आणि दिवा साधारण वर्षाने बदलावा लागतो, तो निळा लाइट दिसतोय म्हणून काम करतोय असं धरून चालू नका. वीज जाते अशा गावात युएफचा, म्हणजे अतिबारीक छिद्रांतून पाणी गाळणारा फिल्टर बघा, त्याला वीज लागत नाही. तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारायचं काम तिच्यावर सोडू नका, तुरटी फिरवून गाळलेल्या पाण्यात क्लोरीनचं औषध लेबलवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा, ते जास्त खात्रीचं.

टीडीएस ५०० च्या बराच वर, किंवा फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक मर्यादेबाहेर, असं कागदावर दिसलं तर आरओ घ्या, बिनधास्त घ्या. पण एक गोष्ट मेकॅनिककडून समजून घ्या. बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो काय करतो, तर झिल्लीतून न गेलेलं थोडं पाणी परत शुद्ध पाण्यात मिसळतो म्हणजे चव बरी लागते. फ्लोराइडच्या गावात तो स्क्रू फिरवला तर फ्लोराइडही परत आलं. आरओवाल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही हेही लक्षात ठेवा, कारण आधीचा कार्बन फिल्टर ते खाऊन टाकतो, म्हणून मशीनच्या टाकीत पाणी चार दिवस पडून राहिलं, तुम्ही गावाला जाऊन आलात, तर पहिली टाकी सोडून द्या.

वाया जाणारं पाणी मोजा

हे प्रत्येक आरओवाल्या घराने एकदा तरी करावं. मागची ती पातळ पाइप बेसिनमध्ये सोडलेली असते ना, ती बादलीत सोडा, मशीनची टाकी आधी रिकामी करा, आणि मशीनच्या नळाखाली मोजलेला जग धरा. जग एक लिटर भरेपर्यंत बादलीत किती लिटर आलं ते बघा. माझ्या मैत्रिणीच्या ठाण्याच्या घरी तीन लिटरपेक्षा थोडं जास्तच आलं, आणि तिच्याकडे नळाचा टीडीएस होता ७०. म्हणजे आधीच गोडं असलेलं एक लिटर पाणी आणखी गोडं करायला तीन लिटर गटारात. चार माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरा, साठ लिटर गेलं. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत दिवसाला सहा हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरचा अर्ध्याहून जास्त हिस्सा, आणि मे महिन्यात हीच सोसायटी टँकरसाठी फोन लावत बसते. माझं इथे खरंच मन दुखतं, कारण ज्या धरणातून हे पाणी येतं त्याच्या आजूबाजूच्या पाड्यांवर बायका उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चालतात.

आरओ ठेवायचाच असेल तर ती पाइप एका पिंपात सोडा, लादी पुसायला, भांड्यांचं पहिलं पाणी म्हणून, संडासात वापरा. कुंड्यांना घालायच्या आधी त्या पाण्याचा टीडीएस बघा, नळाचं पाणी गोडं असेल तर चालून जातं, खाऱ्या बोअरचं असेल तर झाडं करपतात.

दुसऱ्या बाजूच्या फॉरवर्डवरही डोळे झाकून विश्वास नको

आरओच्या पाण्याने हाडं ठिसूळ होतात, केस गळतात, असेही मेसेज फिरतात, आणि आईचं ॲडव्हान्स परत मिळाल्यावर लगेच तिला आमच्या नात्यातल्या एकाने तेच पाठवले. खरं एवढंच की आरओ कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही काढून टाकतो. पण पेलाभर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढं मिळवायला मुंबईचं नळाचं पाणी किती लिटर प्यावं लागेल विचार करा. घरात दूध, नाचणी, पालेभाज्या नीट असतील तर घाबरायचं कारण नाही.

तांब्याच्या भांड्याचं म्हणाल तर प्रयोगांत रात्रभर म्हणजे सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जिवाणू मेलेले दिसलेत, म्हणजे आजीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण तासभर ठेवून ते होत नाही आणि फ्लोराइड तर अजिबातच जात नाही.

अल्कलाइन पाण्याच्या मशीनचं मात्र सांभाळा. ही बऱ्याचदा नात्यातल्याच कुणीतरी साखळी मार्केटिंगमध्ये विकायला आणलेली असते, किंमत लाखाच्या पुढे, आणि नाही म्हणायचं अवघड होतं. पाण्यात थेंब टाकून निळं-जांभळं करून दाखवतात, तसा निळसर रंग साध्या पाण्यात खायचा सोडा चिमूटभर टाकला तरी येतो, करून बघा. पोटात गेल्यावर तिथलं आम्ल त्या पाण्याला पहिल्याच मिनिटाला गाठतं, आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये ठेवायचं काम फुफ्फुसं आणि किडन्या करतात, मशीन नाही. नातं राखायचं असेल तर मामांना किंवा वहिनींना सगळ्यांसमोर खोटं पाडू नका, बाजूला घेऊन सांगा की डॉक्टरांनी लिहून दिलं तर घेऊ.

पाहुणे, जार आणि लाज

आता पाणी ही इज्जतीची गोष्ट झालीय. पाहुण्यासमोर तांब्या-भांडं ठेवलं की तो विचारतो, फिल्टरचं आहे ना? आणि आपण ओशाळतो. लग्नात, ऑफिसात वीस लिटरचे थंड जार येतात, त्यांना सील नसतं, कुठे भरले माहीत नसतं, पण जारमधून आलं म्हणून लोक निर्धास्त पितात. जार घेताना सील बघा, लेबल बघा, पॅकबंद पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १४५४३ आहे आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी लायसन्स नंबर छापलेला हवा. काहीच छापलेलं नसेल तर ते गार केलेलं पाणी आहे, एवढंच. आईने आता फ्रिजवर लॅबचा रिपोर्ट चिकटवलाय, कुणी विचारलं की फिल्टरचं का, तर ती म्हणते तपासलेलं आहे, वाचा.

विकायला कुणी दारात आलंच तर चार प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून मागा. हे यंत्र नेमकं काय मोजतं. एक लिटरला किती लिटर वाया जातं. एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, वर्षाला किती आणि झिल्ली त्यात धरलीय का, कारण खरा खर्च तिथे आहे. आणि माझ्या लॅबच्या रिपोर्टमधली कुठली गोष्ट तुमचं मशीन कमी करणार. चौथ्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही तर चहा पाजून परत पाठवा, त्या पोरावर ओरडू नका, त्याचं टार्गेट असतं.

आईकडे शेवटी काय केलं, तर टाकी रिकामी करून ब्रशने घासली, ब्लिचिंगच्या पाण्याने धुतली, तडकलेलं झाकण बदललं, ओव्हरफ्लोच्या पाइपच्या तोंडाला जाळी बांधली, आणि स्वयंपाकघरात एक साधा युव्ही-युएफ बसवला, कारण पावसाळ्यात लाइनला गढूळ पाणी येतं तेव्हा तिला उकळत बसणं होत नाही. सगळं मिळून त्या आरओच्या निम्म्या पैशांत झालं. महिन्याने परत टाकीची बाटली लावली, दोन दिवस थांबलो, काळी झाली नाही. टाकी धुतल्याची तारीख झाकणावर ऑइल पेंटने लिहिलीय, पुढची सहा महिन्यांनी, आणि धुणाऱ्या माणसाचा नंबर त्याच्याच खाली.